मोरीतली दांडी

आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याने पुढे काय करावे, हे सांगणाऱ्यांना तोटा नसतो. तीर्थयात्रा करावी, नातवंडे खेळवावी, पोथी वाचावी, सकाळी फिरायला जावे. ‘आता घराला हात घाला, मोरी मोठी करा, पायऱ्या फोडा’ असे मात्र त्याला कोणी सांगत नाही. उलट त्याने तसे काही काढले, तर ‘ह्या वयात कशाला हा उपद्व्याप?’ हा प्रश्न ठरलेला. मीही तो विचारणाऱ्यांपैकीच होतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तो विचारणे सोडले, त्याची ही हकीकत. हकीकतीबरोबर थोडा वादही आहे, कारण आमच्या घरात तो अजून मिटलेला नाही.

माझे आजोबा रेल्वेत होते. बहुतेक सगळी नोकरी भुसावळच्या आसपास आणि सगळा संसार क्वार्टरमध्ये. क्वार्टरला नंबर असतो, नाव नसते. भिंतीचा रंग खाते ठरवते, गळके छत दुरुस्त व्हायचे तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. बदली झाली की आजीच्या कुंड्या म्हणजे तेलाचे डबे. तुळस आणि गवती चहा त्यात मावतील एवढेच बागकाम. झाड जमिनीत लावले तर ते पुढच्या बिऱ्हाडकरूचे. निवृत्तीनंतर ठरावीक महिन्यांत किल्ली परत द्यावी लागते, तशी त्यांनीही दिली. पस्तीस वर्षे ज्या भिंतींत राहिलो त्यांतली एकही आपली नाही, हे माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळत असावे.

मग काही वर्षे भाड्याच्या घरात काढून त्यांनी बऱ्हाणपुराजवळ लोधीपुऱ्यात जागा घेतली. आजीचे माहेर बऱ्हाणपूरचे, हे एक कारण. भुसावळहून गाडीने तासा-दीड तासाच्या आत पोहोचता येते आणि जुने सोबती दुरावत नाहीत, हे दुसरे. जमीन भुसावळपेक्षा स्वस्त मिळाली, हे तिसरे आणि बहुधा खरे.

लोधीपुरा म्हटले की बाहेरच्या लोकांना ठाऊक असतो तो दर्गा-ए-हकीमी. दाऊदी बोहरा समाजाचे लोक देशोदेशींहून तेथे येतात. पांढराशुभ्र संगमरवर आणि नीट राखलेली बाग. आजोबा संध्याकाळी त्या बाजूला फेरी मारून येतात आणि आल्यावर आजीला सांगतात, ‘‘झाडू मारावा तर त्यांनी.’’ बाकी भोवती केळीच्या बागा, शहरात यंत्रमागांची खटखट. बऱ्हाणपूर राजकीयदृष्ट्या मध्य प्रदेशात असले, २००३ पासून स्वतंत्र जिल्हा असले, तरी मूळचे ते खानदेशच्या फारुकी सुलतानांचे नगर. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती एकाच दुकानात ऐकू येतात. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना ह्याचे नवल वाटायचे कारण नाही. आपला हा अंकही एका पाठीला दोन भाषा बांधूनच निघतो.

आता वादाचा मुद्दा. गेल्या दिवाळीनंतर आजी मोरीत घसरली. हाड मोडले नाही, पण तीन आठवडे अंथरूण धरले. माझे बाबा हुबळीहून धावत गेले आणि परतल्यावर त्यांनी कागदावर हिशोब मांडला. घर विकून अमुक येतील, त्याचे व्याज तमुक. आई आणि अण्णा हुबळीला आपल्याजवळ राहतील. डॉक्टर दहा मिनिटांवर. हिशोबात चूक नव्हती. मी तो पाहिला आणि मलाही पटला. तेवढ्यात आजोबांचा फोन आला, की त्यांनी गवंडी लावला आहे आणि मोरी फोडायला घेतली आहे. बाबा चिडले. ‘‘अहो अण्णा, विकायच्या घरावर कोणी पैसे घालतं का?’’ तिकडून उत्तर आले, ‘‘विकायचं कुणी म्हटलंय?’’

मे महिन्यात मला तिकडे पाठवले, ते खरे तर आजोबांची समजूत घालायला. मी गेलो आणि पंधरा दिवस घमेली उचलली.

घरात काय काय केले ते सांगण्यासारखे आहे, कारण पुस्तकी लोकांना ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतात. ओट्याला नऊ-नऊ इंचांच्या दोन पायऱ्या होत्या. आजीला त्या चढवत नव्हत्या. मी शहाणपणाने उतार करा म्हटले. आजोबांनी मला गणित घातले. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबीचा उतार. अंगण होते अकरा फुटांचे. मग त्यांनी त्याच दीड फुटाच्या तीन पायऱ्या केल्या, सहा-सहा इंचांच्या, पाऊल पूर्ण मावेल अशा रुंद, आणि बाजूला लोखंडी कठडा. मोरीतली गुळगुळीत फरशी काढून खरबरीत बसवली. भिंतीत एक दांडी पक्की केली. ती किती उंचीवर असावी, हे पुस्तकात न पाहता आजीला उभे करून, हात जेथे आपोआप जातो तेथे खडूने खूण करून ठरवले. आणि मोरीचे दार, जे आत उघडत असे, ते बाहेर उघडेल असे फिरवले. आत कोणी पडले तर दार अडू नये म्हणून. हे शेवटचे आजीला सुचले. पडली होती ती, त्यामुळे तिलाच सुचणार.

गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. बऱ्हाणपूरचा मे म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला सहज जातो. पांढऱ्या गच्चीखाली दुपारची झोप लागू लागली, हे मी स्वतः अनुभवले. परसात एक लिंबू लावले. आंबा का नाही, असे मी विचारले तर आजोबा म्हणाले, ‘‘लिंबू तीन-चार वर्षांत धरतं.’’ त्यांच्या आवाजात खेद वगैरे काही नव्हता. वेळापत्रक वाचून दाखवावे तसे ते म्हणाले.

एका सकाळी ते मला कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेले. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना केली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उताराच्या जोरावर, शहराकडे आणले. वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या, खाली वाहते पाणी. आता पाळण्याने खाली उतरता येते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले आहे. खाली गेल्यावर मला दिसले ते भिंतींवर चढलेले चुन्याचे पांढरे थर. पाण्यातला चुना साचून साचून वाट अरुंद होत जाते. घरी परतल्यावर आजोबांनी नळाची जाळी काढून दाखवली. तिच्यातही तोच चुना. दर महिन्याला ते ती लिंबाच्या पाण्यात भिजत घालतात. बादशाही कालवा असो की साधा नळ, बांधून झाला म्हणजे झाला असे होत नाही. घराची डागडुजी म्हणजे म्हातारपणीचा छंद, असे समजणाऱ्यांनी एकदा त्या कुंडीत उतरावे.

बऱ्हाणपुरात पाहुणा आला की त्याला मुमताज महलची गोष्ट सांगतात. १६३१ मध्ये ती येथेच बाळंतपणात वारली, तापीपलीकडे आहूखान्यात तिचे शव काही महिने होते, मग आग्र्याला नेले आणि तेथे ताजमहाल झाला. मला ही गोष्ट लहानपणापासून फार आवडे. आता तेवढी आवडत नाही. बायको गेल्यावर इमारत बांधणाऱ्याचे जगभर कौतुक. बायको हयात असताना तिच्यासाठी मोरीत दांडी बसवणाऱ्याला मुलगा विचारतो, पैसे का घातले?

बाबांची बाजू मी सोडून दिलेली नाही. त्यांची काळजी खोटी नाही. रात्री दोन वाजता काही झाले तर आम्ही हुबळीला, हे खरेच आहे. शेजारी चांगले आहेत, पण शेजाऱ्यांवर किती भार टाकायचा? माझा एक मित्र ह्याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याची अज्जी धारवाडजवळच्या खेड्यात एकटी राहते आणि तिला शहरात आणावे ह्या मताचा तो आहे. त्याच्याशी मी वाद घालू शकत नाही, कारण तिला दिसतच नाही. सगळ्यांना एक नियम लावता येणार नाही.

पण बाबांच्या कागदावर एक रकाना नव्हता. २०२२ च्या पावसाळ्यात आजी-आजोबा दोन महिने हुबळीला आमच्याकडे राहिले होते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवाणखान्यातला दिवाण त्यांचा. कन्नड येत नाही म्हणून आजी खाली उतरत नसे. एके दिवशी आजोबा हातात दिनदर्शिका घेऊन आईला विचारत होते, ‘‘सूनबाई, इथं एक खिळा ठोकला तर चालेल का?’’ आई म्हणाली, ‘‘ठोका की, विचारता कशाला?’’ आईचे मन मोठे आहे. पण विचारावे लागले, हे मी विसरलेलो नाही. ती पुन्हा क्वार्टरच झाली की.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. घर विकून किंवा मुलाच्या नावावर करून ‘मोकळे होणे’ ह्याला आपण त्याग म्हणतो. सरकारला २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची सोय त्यात घालावी लागली. ती उगाच नव्हे. माझे बाबा तसे मुळीच नाहीत. पण घर दोघांच्या नावावर आहे आणि तसेच राहावे, असे माझे मत आहे. बाबांनंतर त्यावर डोळा असणारा मीच, तेव्हा हे मत माझ्या तोट्याचे आहे, हेही नोंदवून ठेवावे.

निघायच्या आदल्या रात्री मी आजीला विचारले, उद्या दोघांतले एकच उरले तर? ती शेंगा निवडत होती. म्हणाली, ‘‘तेव्हा बघू रे. आत्ताच उरल्यासारखं कशाला राहायचं?’’

हुबळीला येऊन मी बाबांना सगळे सांगितले. त्यांनी कागद फाडला नाही, कपाटात ठेवला. मात्र परवा त्यांनी आजोबांना फोन करून विचारले, की अंथरुणापासून मोरीपर्यंत रात्री दिवा आहे का. नव्हता. आजोबा म्हणाले, ‘‘बघतो.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावले आणि पैसे मात्र, पहिल्यांदाच, बाबांकडून घेतले.