घर रचण्याची विद्या कोठे शिकावी?

दहावीचे निकाल लागले, की ज्या घरातील मुलाचा अगर मुलीचा हात चित्रकलेत चांगला असतो, त्या घरात एक ठरावीक वाद सुरू होतो. वडिलांना वाटते, मुलाने इंजिनिअर व्हावे, आईला वाटते, त्याचा कल मोडू नये, आणि आजोबा विचारतात, “घर सजवावयास कॉलेज कशास हवे? ते काम तुमच्या आजीने जन्मभर केलेच की!” कर्जत तालुक्यातील कडाव येथील एका गृहस्थांनी नेमका हाच प्रश्न आमच्याकडे पाठविला आहे. त्यांची कन्या अकरावीत असून तिला अंतर्रचना, म्हणजे ज्यास आज सर्वत्र इंटिरिअर डिझाइन म्हणतात तो विषय शिकावयाचा आहे. मुंबई, पुणे व अहमदाबाद येथील माहितीपत्रके घरी येऊन पडली आहेत, आणि शिलकीची रक्कम एकदाच खर्च करता येण्याजोगी आहे. असा पेच पुष्कळ कुटुंबांस पडत असल्यामुळे त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने करू.

प्रथम आजोबांच्या शंकेचे निरसन केले पाहिजे, कारण ती शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आपल्या जुन्या घरांची रचना खरोखरच कोणी कॉलेजात शिकून केलेली नव्हती. पडवीमुळे पावसाचा मारा भिंतीवर येत नसे. कोनाडा भिंतीच्या जाडीतच दिव्याला जागा देई. ओटीवरचा परका माणूस माजघरात डोकावू शकत नसे. पिढ्यान्‌पिढ्या घर तेच, माणसे तीच आणि सुतारही तोच असल्यामुळे हे ज्ञान आपोआप हातांत उतरत असे. आता तसे राहिले नाही. चारशे चौरस फुटांच्या जागेत तीन पिढ्या राहावयाच्या, त्यात विजेच्या तारा, पाण्याचे नळ, गॅस आणि धुण्याचे यंत्र बसवावयाचे, आणि शिवाय देव्हाऱ्यास जागा ठेवावयाची, हे काम नुसत्या हौसेने साधत नाही. स्वयंपाकाचा ओटा उभे राहून काम करणाऱ्या बाईच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा लागतो. तो चुकला तर वीस वर्षे तिची पाठ दुखते. कर्जत-खालापूरच्या पावसात साधा प्लायवुड मोरीशेजारी लावला तर दोन-तीन पावसाळ्यांत फुगतो. तेथे भारतीय मानक ७१० च्या प्रतीचा प्लायवुड हवा, आणि कोरड्या कपाटास ३०३ च्या प्रतीचा पुरतो, हे ज्याला ठाऊक नाही तो घरधन्याचे पैसे पाण्यात घालतो. रंग आणि पडदे ही या विद्येची शेवटची पायरी होय. तिचा पाया माप, उजेड, वारा, पाणी आणि द्रव्य यांचा आहे.

ही विद्या आपल्याकडे काल आलेली नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तिला १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा जोडल्या गेल्या, आणि हस्तकौशल्याचे शिक्षण तेथे पद्धतशीर होऊ लागले. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवून मध्यमवर्गीयांस घराच्या आतील रचनेकडे पाहावयास शिकविले. आणि कडावकरांस तर फार दूर पाहण्याचेही कारण नाही. त्यांच्या कर्जतजवळच नितीन देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे देसाई २०२३ मध्ये निवर्तले. परंतु जागेची रचना हा पूर्ण वेळचा व्यवसाय होऊ शकतो, हे या परिसराने प्रत्यक्ष पाहिले आहे. मुंबई-पुण्याच्या लोकांनी याच तालुक्यात बांधलेली फार्महाऊसे व विश्रामगृहे ही तर या व्यवसायाची दाराशी आलेली गिऱ्हाइके होत.

आता एका महत्त्वाच्या भेदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. १९७२ च्या कायद्यान्वये परिषदेकडे नाव नोंदविल्यावाचून कोणासही ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. अंतर्रचनाकारांस असे कायदेशीर कवच नाही. त्यांची अखिल भारतीय संस्था १९७२ मध्येच स्थापन झाली, पण तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे. याचा अर्थ असा, की सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेलाही उद्या अंतर्रचनाकाराची पाटी लावू शकतो, आणि चार वर्षे शिकलेल्यास केवळ पदवीच्या कागदामुळे कोणी काम देत नाही. म्हणून या क्षेत्रात शिक्षणाची किंमत कागदात नसून हातात येणाऱ्या कसबात आहे. कॉलेजची निवड करताना हे सूत्र एक क्षणही विसरू नये. याच कारणास्तव, कन्येस गणित अगदीच नकोसे नसेल तर बारावीपर्यंत भौतिकशास्त्र व गणित सोडू देऊ नये. अंतर्रचनेच्या पुष्कळ अभ्यासक्रमांस त्यांची अट नसते; पण ते असले म्हणजे पाच वर्षांच्या वास्तुशास्त्राचे दारही उघडे राहते.

अभ्यासक्रम स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. दहावीनंतर राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची पदविका, बारावीनंतर विद्यापीठाची पदवी, आणि खासगी वर्गांची प्रमाणपत्रे. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने फक्त विद्यापीठांस व त्या कायद्याने मान्य केलेल्या संस्थांस आहे. तेव्हा पत्रकावर परदेशी नाव कितीही ठळक असो, पदवी कोणाची हे लेखी विचारून घ्यावे. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या हस्तकला विभागात अंतर्गत सजावट हा विषय पदवीपर्यंत शिकविला जात आला आहे. प्रभादेवी येथे रचना संसदेचे स्वतंत्र विद्यालय आहे. अहमदाबादच्या सेप्टमध्ये १९९१ पासून या विषयाची वेगळी शाखा आहे, आणि तेथीलच राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फर्निचरचे शिक्षण मिळते. प्रवेशपरीक्षांचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर न विसंबता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

एवढे झाल्यावर कॉलेज समक्ष पाहावे, आणि पाहताना दर्शनी दिवाणखान्यात न रमता चार गोष्टींची परीक्षा करावी. पहिली, कार्यशाळा. तेथील रंध्याला भुसा लागलेला आहे, की तो काचेच्या कपाटात चकाकतो आहे? दुसरी, अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे काम. केवळ संगणकावर काढलेली रंगीत चित्रे दाखविली तर कारागिराच्या हाती द्यावयाचे मापाचे नकाशे मागावेत. तिसरी, अध्यापक. त्यांपैकी किती जण स्वतः या व्यवसायात आहेत, आणि विद्यार्थ्यांस चालू कामाच्या जागी नेतात की नाही? चौथी, मागील वर्षी बाहेर पडलेले विद्यार्थी. संस्थेने निवडून दिलेल्या एका नावावर समाधान न मानता दोघातिघांस आपण होऊन गाठावे, आणि पहिली नोकरी कोणी दिली व तेथे कोणते काम पडले, हे विचारावे. या चार प्रश्नांची उत्तरे टाळणारी संस्था कितीही झगमगीत असली तरी तिला दुरून नमस्कार करावा.

खर्चाचा हिशेब करताना शुल्क हा एकच आकडा धरू नये. कागद, प्रतिकृतींचे सामान, संगणक, अभ्याससहली आणि वसतिगृह यांची बेरीज पुष्कळदा शुल्काच्या जवळ जाते. कर्जतहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे शंभर किलोमीटर. लोकल गाडीने दोन तासांहून अधिक लागतात, आणि कडाव ते कर्जत हा प्रवास निराळाच. जे. जे. कलाशाळा स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे हे खरे. तरी रोज पाच तास प्रवासात घालविणाऱ्या मुलीस रात्री प्रतिकृती करावयास डोळे उघडे ठेवता येणार नाहीत. वसतिगृहाची सोय होत नसल्यास जवळचे साधे कॉलेज हे दूरच्या नामांकित कॉलेजाहून अधिक फलदायी ठरू शकते. कर्ज काढून अहमदाबादेस पाठवावे का, असे विचाराल, तर प्रवेशपरीक्षेतील यश व वरील चार परीक्षा या दोहोंनी कौल दिल्यासच पाठवावे, एरवी नाही.

हाती असलेले वर्ष वाया दवडू नये. कन्येने शासकीय रेखाकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिली नसल्यास द्यावी. आपल्याच घराची माजघरापासून न्हाणीघरापर्यंत फुटपट्टीने मापे घ्यावीत, नकाशा काढावा, आणि आजी दिवसातून किती वेळा कोठे वाकते ते लिहून ठेवावे. सुटीत कर्जतच्या एखाद्या सुतारकामाच्या जागी पंधरा दिवस जावे. पालकांनी ‘मुलीच्या जातीने तेथे कशास बसावे’ असे म्हणून तिला अडवू नये. लाकडाचा वास, भुसा आणि कारागिरांची बोलणी यांना कंटाळून ती परत आली, तर लाखो रुपये वाचले असे समजावे. आणि सोळाव्या दिवशीही ती आपण होऊन निघाली, तर तिच्या निश्चयाबद्दल घरात पुन्हा वाद घालू नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. ‘लग्न होईपर्यंत काहीतरी हलके शिकू दे’ अशा हेतूने पुष्कळ घरांतून मुलींस या विषयाकडे धाडले जाते, आणि मग कॉलेजही तितक्याच हलकेपणाने निवडले जाते. हा त्या विद्येचा आणि त्या मुलीचा, दोघींचाही अपमान होय. मुलास इंजिनिअर करताना जी चौकशी आपण करतो, तेवढीच येथेही करावी. ज्या घरात तिने पुढे कमवावे अशी खरी इच्छा असेल, त्या घरास योग्य कॉलेज ओळखणे अवघड जाणार नाही.