नोंदी स्कॅन झाल्या हो, पण ठेवल्या कशात?

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण नांदेड-लातूरच्या प्रत्येक घराशी संबंध आहे. वाचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली. गाव नमुना १४, खासरा पाहणी, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं. कुठं मोडी, कुठं उर्दू. पानं स्कॅन झाली. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरचा जीआर निघाला. आरक्षण कुणाला द्यावं हा आजचा विषय नाही. तुम्ही बाजूनं असा की विरोधात, खरं-खोटं करायला कागद दोघांनाही लागतो. माझा सवाल एवढाच, हा कागद वीस वर्षांनी सापडणार आहे का?

परवा एका नातेवाइकासाठी एका सरकारी साइटवर नोंद शोधत बसलो. एकेका पीडीएफमध्ये शेकडो पानं, फाइलीचं नाव नुसता नंबर, शोधायची काही सोय नाही. अडीच तास गेले, हाती शून्य. डेटाबेस हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून राग जास्त आला. याला डिजिटायझेशन म्हणत नाहीत. बस्ता फडक्यातून काढून कॉम्प्युटरमध्ये बांधला, एवढंच झालं.

कुणी म्हणेल, तालुकावार फोल्डर करा, विषय संपला. नाही संपत! १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत. लातूर जिल्हा तर १९८२ चा. कागदावर साल फसली, म्हणजे १३५७ फसली हे आपलं १९४७-४८. मग उदगीरच्या आजोबाची नोंद कोणत्या फोल्डरात टाकणार? फोल्डरात कागदाला एकच जागा असते. डेटाबेसमध्ये तेव्हाचा जिल्हा, आजचा जिल्हा, फसली साल, इसवी साल, लिपी, बस्ता क्रमांक असे वेगवेगळे रकाने करता येतात आणि कुठल्याही बाजूनं शोधता येतं.

आता दुसरं टोक. काही जण सांगतात, पानांचे फोटोसुद्धा डेटाबेसच्या पोटातच कोंबा, सगळं एका जागी सुरक्षित. यात तथ्य आहे, नाही असं नाही. नोंद आणि फोटो एकदमच आत जातात, ताटातूट होत नाही. पण ए-फोर पान ३०० डीपीआयनं रंगीत स्कॅन केलं की न दाबलेली फाइल २५ एमबीच्या आसपास भरते. अशी लाखभर पानं आत घातली की बॅकअप घ्यायला वेळ, परत उभं करायला त्याहून वेळ. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी हेच मोजून पाहिलं होतं. २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसात बऱ्या, एक एमबीच्या वरची साध्या फाइलीतच बरी. आपली पानं कोणत्या गटात येतात, ते सांगायला तज्ज्ञ कशाला पाहिजे?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फोटो साध्या फाइलींमध्ये, माहिती पोस्टग्रेससारख्या खुल्या, फुकट डेटाबेसमध्ये. प्रत्येक फाइलीचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश, तिच्या नोंदीत लिहायचा आणि रोज रात्री ताळा करायचा. एक अक्षर बदललं, एक फाइल गायब झाली, तर सकाळी कळलंच पाहिजे. ज्या कागदावर लेकरांची ॲडमिशनं आणि नोकऱ्या अवलंबून आहेत, त्यात कुणी गुपचूप हात घातला तर कळायला नको?

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच. ठेकेदार स्वतःच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये सगळं भरून देतो. ठेका संपला, लायसन्स संपलं, की आपलेच कागद आपल्यालाच उघडत नाहीत. निजामाची उर्दू वाचणारा आजही सापडतो. बंद पडलेल्या कंपनीचा फॉरमॅट कोण वाचणार?

आणि एकच प्रत एकाच इमारतीत ठेवायची, हे तर आपल्या भागात कुणी बोलूही नये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत काय झालं, ते आपण पाहिलंय.

तेव्हा पुढच्या वेळी पुढारी गावात आले की हार घालण्याआधी चार प्रश्न विचारा.
१. नोंद नावानं, गावानं, सालानं शोधता येते का?
२. ठेकेदार गेला तरी फाइली उघडतील का, हे टेंडरमध्ये लिहिलंय का?
३. दुसरी प्रत जिल्ह्याबाहेर कुठं आहे?
४. बॅकअपवरून सगळं परत उभं करून कधी पाहिलंय का?

चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर बॅकअप नाहीच असं समजा.

आजोबांनी पेटीत जपलेला कागद आपण सरकारच्या भरवशावर सोडलाय. निदान पेटी कसली आहे, ते तरी विचारू. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा.