मूळ प्रतीला हात लावू नये

सोलापूर-धुळे महामार्गावरचे तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी ओळखले जाते. काही वर्षांपूर्वी तिथल्या माझ्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी फटाक्यांच्या कामावर जाणाऱ्या बायकांची बोली टिपून घेतली होती. दारू, वात, सुतळी यांच्याभोवती जमलेले शब्द, म्हणी आणि काही ओव्या असा तो संग्रह. सगळे टंकन घरच्या जुन्या विंडोज संगणकावर झालेले, दुसरी प्रत नाही. एके दिवशी पडदा निळा झाला तो झालाच. दुरुस्तीच्या दुकानात उत्तर मिळाले, ‘फॉरमॅट मारावं लागेल, डेटा गेला समजा.’ तिचा मला फोन आला, ‘सर, सगळंच गेलं का हो?’

गेले नव्हते. ग्रंथालयाच्या दाराचे कुलूप बिघडले म्हणून आतल्या पोथ्या जळून जात नाहीत. विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ एवढाच की दार उघडणारी व्यवस्था मोडली आहे. आतल्या फायली बहुधा जागच्या जागी असतात. अशा वेळी लिनक्स कामी येते. ते संगणकात न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवता येते. क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्सने 2000 सालापासून ही सोय सीडीवर लोकप्रिय केली. आज उबुंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवरून तेच करतात. विंडोज झोपलेलेच राहते आणि त्याची डिस्क एखाद्या कपाटासारखी समोर उघडते.

आमच्या बाबतीत मात्र डिस्कच झिजत चालली होती. संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला आधी फायली चाळण्याचा मोह आवरायला लावला. ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन वापरून त्यांनी प्रथम अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर उतरवली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेली जागा नोंदवून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे परत वळते. पुढचा सगळा शोध प्रतीवर. मूळ डिस्क बाजूला. मी पाहत होतो आणि मला आमचाच पाठ्यक्रम आठवत होता. जीर्ण पोथीचा संपादक याहून वेगळे काय करतो? सुवाच्य पाने आधी उतरवतो, त्रुटित जागा खुणेने दाखवतो, अंदाजाने काही भरत नाही आणि मूळ प्रतीला हात लावत नाही.

फायली मिळाल्या, पण उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसला. टंकन युनिकोडमध्ये नव्हते, जुन्या फॉन्टमध्ये होते. श्रीलिपी, आय.एस.एम. यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टांत अक्षरांना दिलेले संकेत निरनिराळे असत. फॉन्ट नसला की मजकूर मुका. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधले आणि पुढे राजवाड्यांनी ती उलगडली, हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. त्यांनी ते कुलूप जाणूनबुजून घातले होते. आपण गेल्या काही दशकांचे मराठी लेखन नकळत कुलूपबंद केले आहे. म्हणून नियम असा की, फायलींबरोबर विंडोजच्या फोल्डरातले फॉन्टही उचलावेत, मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ फाइलही जपावी. जोडाक्षरे व रफार रूपांतरात बिघडतात. ती भाषेच्या माणसानेच तपासावी लागतात.

‘हे तंत्रज्ञाचे काम, मराठीच्या प्राध्यापकाचे नव्हे,’ असे म्हटले जाईल. मला ते मान्य नाही. दुकानदाराच्या दृष्टीने संगणक सुरू झाला की काम संपते. त्याचा दोष नाही. आत काय होते याची किंमत आपल्यालाच ठाऊक असते. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धाडीत गेली आणि अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली, असे परंपरा सांगते. आज तशी पाठांतर केलेली माणसे आपल्याकडे नाहीत. आता ‘फॉरमॅट’ हीच धाड.

या उपायालाही मर्यादा आहेत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक बंद करावा. प्रत्येक प्रयत्न हानी वाढवतो. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असेल तर तिची किल्ली लागते. आणि कूटबद्ध नसेल तर विंडोजचा पासवर्ड लिनक्सला आडवा येत नाही. म्हणजे दिवंगत लेखकाची पत्रे, रोजनिशी सारेच उघडे पडते. तिथे वारसांची परवानगी घ्यावी आणि डोळ्यांना शिस्त लावावी.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे महाविद्यालयांतून आणि घरांतून कितीतरी संगणक भंगारात निघतील. ते निघण्यापूर्वी आत काय आहे ते प्रत्येक मराठी विभागाने पाहावे. एक पेन ड्राइव्ह, एक बाहेरची डिस्क आणि एक दुपार, एवढाच बहुधा खर्च. हस्तलिखितशास्त्राच्या तासिकेत हे प्रात्यक्षिक सहज बसेल.

तेरखेड्याच्या त्या संग्रहातला बराचसा भाग हाती लागला. दोन मुलाखती अर्धवट राहिल्या. त्यांतली एक आजी आता नाहीत, त्यामुळे ती जागा त्रुटितच राहणार. तेरखेड्यावरून जाणारा रस्ता धुळ्याला पोहोचतो आणि तिथे राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जपलेले आहेत. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. आपल्याला तर शेजारच्या टेबलापर्यंतच जायचे आहे.