खनिजाचा पैसा : उत्पन्न की भांडवल?

लिलाव झालेल्या डिचोली खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले, याचा खाण अवलंबितांना दिलासा वाटणे स्वाभाविक आहे. २०१२ ची खाणबंदी आणि २०१८ मध्ये ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, या दोन धक्क्यांनी ट्रकमालक, बार्जमालक आणि कामगार यांची घरे हलली. परंतु खाण चालू की बंद, एवढ्याच प्रश्नाभोवती आपले राजकारण फिरत राहिले. विकलेल्या खनिजाच्या पैशाचे काय करायचे, हा मूळ प्रश्न मागेच राहिला.

कुळागरातील सुपारी विकली तरी पोफळ उरते. खनिज विकले की खंदक उरतो. म्हणूनच खनिजाची रक्कम हे उत्पन्न नव्हे, मालमत्ता विकून आलेले भांडवल आहे. २०१४ च्या निवाड्यात न्यायालयाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली, तशीच विक्रीमूल्याच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले, ते पुढील पिढ्यांचा हक्क मानूनच. पहिल्या निर्देशाची चर्चा पुष्कळ झाली. दुसऱ्याची फारशी नाही, आणि ते सोयीचेही आहे.

कारण स्वामित्वधन सरकारच्या महसुली जमेत पडते आणि वेतन, निवृत्तिवेतन, अनुदाने यांत विरून जाते. घरची जमीन विकून किराणा भरण्यातलाच हा प्रकार. निदान लिलावातून मिळणारी वाढीव रक्कम तरी या निधीत जावी आणि केवळ तिचे व्याज खर्चावे, अशी तरतूद विधानसभेला करता येईल. ती नव्या पट्ट्यांचे उत्खनन वाढण्याआधीच व्हायला हवी.