घर आणि विज्ञान : वितळत्या बर्फाचा हिशेब

टेक्सासमधील फ्रिस्को येथून एका वाचक भगिनीने प्रश्न धाडला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्यात त्यांच्या घरचा नळ बंद पडला. भिंती मात्र कोरड्या होत्या. थंडी ओसरून ऊन पडले आणि छतातून पाणी कोसळू लागले. नळी गोठताना फुटली, तर पाणी ऊन पडल्यावर का आले, असे त्या विचारतात.

आपण मूळची कोकणातली माणसे. तिकडे बर्फ म्हणजे गाडीवरचा गोळा, नाहीतर मासळीच्या पेटीतला चुरा. नळातले पाणी गोठते, हे आपल्या आज्यांना सांगून पटले नसते.

बहुतेक पदार्थ थिजताना आकसतात, पाण्याचे उलटे. बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत प्रथम एखाद्या थंड जागी बर्फाचे बूच बसते. ते वाढू लागले की बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो व तांब्याची नळीही तडकते. परंतु बूच जागेवर असेतो मागचे पाणी अडलेले राहते. ते वितळले, की भेगेतून पाणी घरात शिरते.

बूच वितळतेही सावकाश. ० अंश सेल्सिअसवरील १ ग्रॅम बर्फाचे ० अंशावरीलच पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते. ही उष्णता रेणूंची बांधणी सैल करण्यात खर्ची पडते, तापमापकावर दिसत नाही; म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

गंमत अशी, की फ्रिस्को गाव पाण्यापायीच वसले. १९०२ च्या सुमारास वाफेच्या इंजिनांत पाणी भरण्यासाठी रेल्वेने उंचावरील लेबनन गाव सोडून सखल जागी ठाणे केले, आणि रेल्वेचेच नाव पुढे गावास मिळाले. त्याच भागात १६ फेब्रुवारी २०२१ रोजी, डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर, पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला. टेक्सासमध्ये कित्येक घरी अंगणातला बर्फ पातेल्यात वितळवून शौचालयापुरते पाणी करावे लागले. ज्यांनी ते केले, त्यांना ८० कॅलरींचा अर्थ निराळा सांगावयास नको.

बर्फ हे पाणीच काय, हा वाद आपल्या रब्बींनीही घातला आहे. हिमाने मिकवेचे पाणी पुरे होत नाही, असे रब्बी इश्माएल आपल्याशी वाद घालीत, असे रब्बी अकीबा मिश्नात सांगतात. मेदेबाच्या लोकांची साक्ष मात्र अशी, की हिम आणून मिकवे करावयास त्यांना इश्माएलांनीच सांगितले होते!

आता कामाचे. कडाक्याच्या रात्री बाहेरील भिंतीलगतची तोटी बारीक धारेने वाहती ठेवावी, म्हणजे दाब कोंडत नाही. सिंकखालील कपाटाची दारे उघडी ठेवावीत. नळी गोठलीच, तर तोटी उघडी ठेवून त्या बाजूने हळूहळू ऊब द्यावी. ज्योत कदापि लावू नये. आणि घरात येणारे पाणी बंद करण्याची मुख्य चावी कोठे आहे, हे आजच पाहून ठेवावे. आमच्या या भगिनीस ती सापडेपर्यंत वीस मिनिटे गेली, आणि तेवढ्यात खालच्या फळीवरील आजोबांची कीर्तनाची वही भिजून गेली.