कौल कोणाचा घ्यावा?

कोकणातील देवाचा कौल हा आमच्या सुशिक्षित मंडळींच्या हसण्याच्या ठराविक विषयांपैकी एक होय. पाषाणावर फुलांच्या कळ्या चिकटवाव्या, गुरवाने गाऱ्हाणे घालावे, जमलेल्या लोकांनी ‘होय महाराजा’ म्हणावे, आणि कळी उजवी पडली की डावी पडली यावरून गावाने आपला कारभार ठरवावा, हे पाहून इंग्रजी विद्येने संस्कारलेल्या मनुष्यास हसू आले तर त्यात नवल नाही. प्रस्तुत लेखकाचे शिक्षणही त्याच विद्येवर झालेले आहे. कळी कोणत्या बाजूस पडावी हे ओलावा आणि गुरुत्वाकर्षण ठरवितात, याविषयी त्यास तिळमात्र संशय नाही. तथापि ज्या गोष्टीस आपण हसतो ती आपल्या हसण्याहून शहाणी तर नाही ना, एवढे तपासून पाहण्याची सवय त्याच विद्येने आम्हांस लावावयास हवी होती. ती लागलेली दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मालवण तालुक्यात समुद्रकाठी आचरा नावाचे मोठे गाव आहे. गाव रामेश्वराचे इनाम. तेथील उत्सव संस्थानी थाटाचे असतात. या गावी काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल मिळाला म्हणजे, ‘गावपळण’ होते. सारा गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसे जातात, गुरे जातात, कोंबड्या जातात, कुत्री जातात. नदीकाठी, माळावर, शेजारच्या गावांच्या हद्दीत झावळ्यांच्या आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहतात. तेथेच चुली पेटतात, भजने होतात, पोरांना तर ती पर्वणीच वाटते. मागे घरे, बाजार, देवालय सारे निर्मनुष्य. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यावयाचा. देवाने होकार दिला तरच गाव परत भरावयाचे, न दिला तर मुक्काम वाढवावयाचा. शेजारच्या चिंदर आणि वायंगणी या गावांतही ही चाल आहे. हिचे मूळ भुताखेतांच्या भयात आहे की जुन्या काळच्या साथीच्या रोगांत आहे, याचा खल पंडितांनी खुशाल करावा. आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. गावाने घर सोडावयाचे ते सर्वांनी मिळून, सर्वांसमक्ष विचारून. आणि सोडताना परत येण्याचा हक्क कोणाचाही जात नाही.

आता याच्या शेजारी दुसरे ‘गाव सोडणे’ ठेवून पाहा. सिंधुदुर्ग हा जिल्हा सन १९८१ मध्ये रत्नागिरीतून निराळा झाला आणि सन १९९७ मध्ये त्यास ‘पर्यटन जिल्हा’ ही पदवी मिळाली. पदवी मिळाली की तिला शोभेसे काहीतरी करणे भाग पडते. पुढे काही वर्षांनी आचऱ्याच्याच शेजारी वायंगणी आणि तोंडवळी या गावांच्या सड्यावर ‘सी वर्ल्ड’ नावाची एक भव्य जलसृष्टी उभारण्याची योजना निघाली. प्रचंड काचपात्रांत मासे पोहतील, जलचरांचे खेळ होतील, हॉटेले उभी राहतील आणि देशोदेशीचे प्रवासी लोटतील, असे ते चित्र होते. समुद्राच्या हाकेच्या अंतरावर पैसे घेऊन समुद्र दाखवावयाचा, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या विनोदबुद्धीचे आम्हांस कौतुक वाटते.

या योजनेस प्रथम सुमारे १,३९० एकर जमीन लागणार होती. गावकरी बिथरले, सभा झाल्या, मोर्चे निघाले; तेव्हा आकडा उतरत उतरत ३५० एकरांवर आला. या उतरत्या भाजणीकडे वाचकांनी लक्षपूर्वक पाहावे. जी जलसृष्टी ३५० एकरांत मावत होती, तिच्यासाठी आणखी हजारावर एकर कशास हवे होते? ज्यांनी ते मागितले त्यांनी हा हिशेब मांडून दाखविला असता, तर विरोध करणाऱ्यांच्या निम्म्या शंका तेथेच मिटल्या असत्या, किंवा दुपटीने वाढल्या असत्या.

कागदावर सडा म्हणजे ‘पडीक जमीन’. उन्हाळ्यात तो तसाच दिसतो हे खरे: काळवंडलेला जांभा दगड, त्यावर करपलेले गवत, झाड म्हणावे तर कोठे तरी एखादे. परंतु हाच जांभा पावसाचे पाणी पिऊन घेतो आणि खालच्या वाड्यांतील विहिरींस ते हळूहळू पोहोचवितो. श्रावणात याच सड्यावर फुलांचे असे गालिचे पसरतात की थंड हवेच्या ठिकाणी पैसे मोजूनही तसे पाहावयास मिळू नयेत. गुरांची चराई त्यावर, पेंढ्याची भर घालणारे गवत त्यावर, उताराला आंबा आणि काजू. त्यावर सिमेंटचे आच्छादन घातले म्हणजे एका बाजूस विहिरी आटणार आणि दुसऱ्या बाजूस पावसाळ्यातील लोंढा थेट घरांवर येणार. हे समजावयास अभियंता लागत नाही. ज्या बाईस वैशाखात दुसऱ्या वाडीवरून घागर आणावी लागते तिला विचारले तरी पुरे. पण तिला विचारावयाचे, ही पद्धतच नाही.

देवास विचारणे ही केवळ कोकणचीच खोड आहे असे मात्र कोणी समजू नये. हिमाचलातील कुलू खोऱ्यात, मनालीच्या परिसरात, बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी एक मोठी वसाहत बांधण्याचा करार सन २००५ च्या अखेरीस तेथील सरकारने केला. पाठीशी मोटारींच्या धंद्यातील जगप्रसिद्ध फोर्ड घराण्यातील आल्फ्रेड फोर्ड. हॉटेले, बंगले, बाजारपेठ, उंच शिखराकडे जाणारा रज्जुमार्ग, सर्व काही आराखड्यात होते. नव्हती ती एकच गोष्ट: त्या उतारांवर मेंढ्या चारणारांची आणि त्या ओढ्यांवर शेती करणारांची संमती. तेव्हा सन २००६ च्या फेब्रुवारीत नग्गर येथे ‘जगती’ भरली. जगती म्हणजे देवांची सभा. खोऱ्यातील देवतांच्या वतीने त्यांचे ‘गूर’ बोलले, आणि देवांनी या वसाहतीस नकार दिला. ही सभा बोलावणारे कुलूच्या राजघराण्यातील होते आणि राजकारणीही होते, हे सांगितले पाहिजे. देवांच्या सभेतही माणसांचे डाव असतात. पुढे आंदोलने झाली, न्यायालयाच्या पायऱ्या झिजल्या, सरकारे बदलली, आणि ती वसाहत उभी राहिलीच नाही.

त्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्रांस मोठी मौज वाटली: एकविसाव्या शतकात भांडवलाचा निकाल देव लावणार! परंतु या हसणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूच्या गुरांकडे कधी पाहिले आहे काय? आमच्या काळी त्यांस ‘कन्सल्टंट’ म्हणतात. तेही अंगात आल्यासारखे बोलतात. दहाव्या वर्षी किती प्रवासी येतील, किती रोजगार निर्माण होईल, किती कोटींची उलाढाल होईल, हे ते दशांशापर्यंत सांगतात. आणि भाकीत चुकले तर त्यांस कोणी विचारीत नाही, कारण तोवर ते दुसऱ्या डोंगराचे भाकीत सांगण्यास गेलेले असतात. गावचा गुरव निदान गावातच राहतो. कौल चुकला तर ज्यांच्यावर तो शेकला त्यांच्या तोंडासमोरून त्यास रोज जावे लागते.

बर्फाचेच पाहा. काश्मिरातील गुलमर्ग हे हिंदुस्थानातील या खेळाचे अग्रगण्य स्थान; सन २०२४ च्या जानेवारीत तेथील उतार उघडे पडले होते आणि प्रवासी तपकिरी गवत पाहून परतले. सन २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी पेकिंगच्या परिसरात जवळजवळ सर्वच बर्फ यंत्राने पाडावे लागले. युरोपातील आल्प्समध्ये उंची कमी असलेली ठिकाणे एकामागून एक बंद पडत आहेत, आणि जी चालू आहेत ती तळी बांधून, पाणी फवारून, वीज जाळून हिवाळ्याचे सोंग उभे करीत आहेत. मनालीच्या डोंगरावर ती वसाहत झाली असती, तर आज तिच्या पाण्यासाठी कोणाच्या ओढ्यावर यंत्र बसले असते, हे वाचकांनीच ताडावे.

आणि आमच्या सह्याद्रीवर काय घडले? थंड हवेचे ठिकाण ही चीज मुळात साहेबाची. सन १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने सातारच्या महाराजांस खंडाळा गाव देऊन महाबळेश्वरची जागा घेतली. सन १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानला चढला. उन्हाने कासावीस झालेल्या परक्या अंमलदारांनी सावलीची जागा शोधली, एवढाच त्याचा अर्थ. साहेब गेला आणि त्याची खुर्ची आम्ही घेतली. ती आम्हांस इतकी मानवली की महाबळेश्वर–पाचगणीचा परिसर सन २००१ मध्ये आणि माथेरान सन २००३ मध्ये केंद्र सरकारास ‘संवेदनक्षेत्र’ म्हणून जाहीर करावे लागले. म्हणजे आमच्यापासूनच त्यांचे रक्षण करावे लागले. जेथे पावसाळ्यात आभाळ फाटते त्या महाबळेश्वरी उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागते, हा चमत्कार करून दाखविण्यास दोनशे वर्षे लागली.

याहून त्वरित चमत्कार लवासा येथे झाला. सन १९९६ च्या सरकारी नियमांनी खाजगी कंपन्यांस गिरिस्थाने वसविण्याचा दरवाजा उघडून दिला, आणि मुळशीच्या मुलखात वरसगाव धरणाच्या काठी इटलीतील एका बंदराची नक्कल उभी राहू लागली. नाव असे की त्याचा कोणत्याही भाषेत अर्थ लागू नये. सन २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याची नोटीस आली. सन २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेले. रंगीत इमारती ओस पडल्या. डोंगर मात्र पूर्ववत झाला नाही. गावपळणीत गाव तीन दिवस ओस पडते आणि पुन्हा भरते. येथे गाव उठवून ओसाडी वसविली.

कोणी म्हणेल, मग कोकणी तरुणाने जन्मभर मुंबईच्या वाटेकडेच डोळे लावून बसावे काय? रेल्वे झाली, सन २०२१ मध्ये चिपीला विमानतळ झाला, ते कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यास बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाहुण्यास आमचा विरोध नाही. तारकर्ली, देवबाग, मालवण या किनाऱ्यावर शेकडो कुटुंबे आज पाहुण्यांवर पोट भरतात. घरची एक-दोन खोल्यांची सोय, घरच्या बाईच्या हातचे माशाचे कालवण आणि सोलकढी, घरच्याच पोराची होडी. राज्याच्या पर्यटन महामंडळाची ‘न्याहारी व निवास’ ही योजना याच पायावर उभी आहे. या धंद्यातही घाण आहे, गर्दी आहे, एकमेकांचे पाय ओढणेही आहे; पण मिळालेला रुपया गावच्याच दुकानात मोडतो, आणि जमीन ज्याची त्याच्या नावावर राहते. तीनशे एकरांच्या कुंपणाआड त्याच कुटुंबातील बाई खोल्या झाडील आणि तिचा मुलगा, ज्या वाटेने त्याचा आजा गुरे नेई, त्या वाटेवर गणवेश घालून पहारा करील. दोन्हींस सरकारी अहवालात ‘रोजगार’ हाच शब्द आहे.

या कामी आमचा मध्यमवर्ग कोरडा आहे असे मात्र नाही, आणि हे लिहिताना वाचकांचा रोष पत्करावा लागला तरी तो पत्करला पाहिजे. कोकणातील सातबाऱ्यावर एकेका तुकड्यास दहा-दहा, वीस-वीस नावे असतात. निम्मे सहहिस्सेदार मुंबईस, ठाण्यास, डोंबिवलीस. दलाल प्रथम गावात जातच नाही. तो तुमच्या-आमच्या दिवाणखान्यात येतो. ज्या सड्यावर आपण वीस वर्षांत पाऊल ठेवले नाही त्यातील आपला आणेवारीचा वाटा आपण चहा पिता पिता लिहून देतो, आणि मग एक दिवस गावात राहिलेल्या चुलतभावास कळते की आपल्या काजूच्या पलीकडे कोणाचे तरी कुंपण पडणार आहे. पुढे त्याच कुंपणाआडच्या हॉटेलात आपण सहकुटुंब सुटी घालवितो आणि ‘कोकण आता पूर्वीचे राहिले नाही’ असे उसासे टाकतो.

कायद्याचा आधार आहे काय? सन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची, आणि सरकार व कंपनी यांच्या भागीदारीसाठी ७० टक्क्यांची संमती आवश्यक केली. पण सरकार स्वतःच्या उपयोगासाठी घेते म्हटले की ही अट गळून पडते. आणि ‘सार्वजनिक प्रयोजनां’च्या यादीत त्याच कायद्याने पर्यटनही घालून ठेवले आहे. कोणाची सुटी हे कोणाचे सार्वजनिक प्रयोजन, हा प्रश्न कायदेमंडळात कोणी पोटतिडकीने विचारला असता, तर वायंगणीच्या लोकांस तो रस्त्यावर येऊन विचारण्याची पाळी आली नसती.

हे लिहीत असता वायंगणीच्या सड्यावर जलसृष्टी उभी नाही. पण सरकारी आराखडे मरत नाहीत, ते निजतात. उद्या हा उठेल, किंवा दुसऱ्या नावाने दुसरा येईल. आंबोलीच्या घाटमाथ्यापासून तोंडवळीच्या वाळूपर्यंत जागा पुष्कळ आहेत. त्या दिवसासाठी आमची मागणी फार मोठी नाही. आराखडा मराठीत लिहावा. किती एकर, कोणाचे, कोणत्या विहिरीचे पाणी, किती वर्षांसाठी, हे त्यात पहिल्या पानावर असावे. गणपतीस चाकरमानी गावी आलेले असताना तो ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, बायकांनी प्रश्न विचारावेत, आणि सरकार स्वतःसाठी घेवो की कंपनीसाठी, गुप्त मतदान व्हावे. नकार आला तर तो पुन्हा पुढच्या वर्षी आकडा उतरवून विचारू नये.