नको तिथे नाक

स्कॉटलंडने शेकडो वर्षे व्हिस्की गाळली, पण व्हिस्कीचा खास पेला म्हणून सर्वत्र रूढ झालेला पेला बाजारात आला तो २००१ साली. वाइनला वाइनचा, ब्रँडीला ब्रँडीचा ग्लास. व्हिस्कीच्या वाट्याला मात्र लिंबूसरबतालाही चालणारा रुंद तोंडाचा टम्बलर. ईस्ट किलब्राइडच्या रेमंड डेव्हिडसन या काचसामानाच्या कारखानदाराने ग्लेनकेर्न नावाचा पेला काढून ही उणीव भरली.

गंमत अशी, की त्याचा आकार नवा नव्हताच. व्हिस्कीची मिश्रणे जुळवणारे ब्लेंडर दिवसभर नमुने पीत बसत नाहीत. पाणी घालून ते सौम्य करतात आणि हुंगतात. त्यासाठी त्यांच्या हाती असे शेरीचा स्पॅनिश पेला, कोपिता. डेव्हिडसनने तोच आकार घेतला, पाच मोठ्या कंपन्यांच्या ब्लेंडरांकडून तपासून घेतला, लांब नाजूक दांडी काढली आणि खाली भरीव काचेची बुटकी बैठक दिली. आता तो पबच्या टेबलावरही टिकू लागला.

म्हणजे पारख करायचे साधन धंद्याकडे आधीपासून होते. गिऱ्हाइकाला मिळत होते लेबल, वर्षांचा आकडा आणि टम्बलर, ज्यातून वास चहूकडे उडून जातो. वर बर्फ टाकला की उरलासुरला गंधही गारठतो. असल्या पेल्यात बरे-वाईट सारखेच लागते, आणि हे ज्यांच्या पथ्यावर पडते ते काही पिणारे नव्हेत.

ग्लेनकेर्नचे पोट फुगीर, गळा निमुळता. पोटाच्या सर्वांत रुंद भागापर्यंत ओतले की साधारण ३५ मिलि होतात. तिथून गंध सुटतो आणि अरुंद तोंडाशी गोळा होतो. आपला ३० मिलिचा छोटा पेग त्यात आरामात बसतो. पतियाळा पेगवाल्यांनी मात्र दुसरा ग्लास शोधावा.

हल्ली हा पेला काचेच्या कपाटात मिरवायची वस्तू होऊ लागला आहे. त्यातच बर्फ कोंबून वर कोला ओतणारेही आहेत. मग टम्बलर काय वाईट होता? हा पेला भारी बाटलीची भीड ठेवत नाही. मद्य कच्चे असेल तर चुगली करतो. म्हणून हजारो रुपये मोजणाऱ्याने घोट घेण्याआधी क्षणभर थांबावे. नको तिथे नाक खुपसू नये हे खरे; पण पैसे आपले असतील, तर तिथे खुपसायलाच हवे.